डिमेन्शियाचा शेवटचा टप्पा घरी सांभाळताना

बोलणं पाच-सहा शब्दांवर आलं आहे, आधार दिला तरी चालता येत नाही, लघवी-शौचावर ताबा राहिलेला नाही, घास तोंडात तसाच धरून ठेवतात आणि घरातलं माणूस ओळखू येत नाही, असं झालं की डिमेन्शियाचा शेवटचा टप्पा सुरू झाला असं समजून तयारीला लागावं. हा टप्पा काही महिन्यांत संपतो, नाहीतर दोन-तीन वर्षंही चालतो. नेमका अंदाज कुठलेच डॉक्टर देऊ शकत नाहीत, पण पुढे काय येणार हे बऱ्यापैकी माहीत असतं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात या टप्प्यातल्या 323 रुग्णांवर दीड वर्ष लक्ष ठेवलं होतं. त्यांतल्या सुमारे 86 टक्क्यांना खाण्या-गिळण्याचा त्रास झाला, निम्म्याहून जास्त जणांना ताप येऊन गेला, 41 टक्क्यांना न्यूमोनिया झाला आणि निम्म्याहून जास्त जण त्या काळात गेले.

घरी कितीही नीट केलं तरी यातलं काही ना काही येणारच, कारण आजारच त्या वाटेने जातो. म्हणून पहाटे दोन वाजता ताप चढल्यावर जो निर्णय घ्यावा लागतो, तो आज दुपारी सगळे शांत बसलेले असताना घ्या. आणि रोजचं प्रत्येक काम करताना एकच विचारा: यानं त्यांचा त्रास कमी होतोय का? होत नसेल तर ते काम सोडून देण्याची मुभा तुम्हाला आहे.

घरी येणारे डॉक्टर आधी शोधा

मोठ्या हॉस्पिटलातले न्यूरॉलॉजिस्ट या टप्प्यात फारसे उपयोगी पडत नाहीत. उपयोगी पडतात ते घरी येणारे डॉक्टर. पॅलिएटिव्ह केअरवाले, म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करण्यावर भर देणारे, मिळाले तर फारच बरं. ही सेवा फक्त कॅन्सरसाठी असते हा गैरसमज आहे. डॉक्टर आपल्याच भागातले निवडा. ठाण्यात कासारवडवलीला राहणाऱ्यांनी नौपाड्यातल्या डॉक्टरांवर भिस्त ठेवली, तर संध्याकाळी घोडबंदर रोडवर त्यांचा तास-दीड तास सहज जातो. नवी मुंबईत वाशी-नेरुळकडे शक्यतो त्याच किंवा शेजारच्या सेक्टरमधले बघा. त्यांना सुरुवातीलाच तीन गोष्टी विचारा: रात्री फोन घेता का, व्हिडिओ कॉलवर बघून औषध सांगता का, आणि घरीच मृत्यू झाला तर येऊन दाखला द्याल का. तिसरा प्रश्न तोंडातून निघत नाही, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा. महिन्यातून एकदा तरी त्यांची घरी भेट होऊ द्या, म्हणजे पेशंट त्यांच्या नजरेखालचा राहतो.

या भेटीत चालू गोळ्यांची यादी पुढे ठेवा. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, व्हिटॅमिनच्या, स्मरणशक्तीसाठीच्या डोनेपेझिल-मेमॅन्टिन, यांतल्या बऱ्याचशा आता बंद करता येतात. स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतील. आरडाओरडा थांबावा म्हणून दिलेली झोपेची किंवा मानसिक आजाराची औषधं अजून लागतात का, हेही विचारा. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मानसिक आजाराच्या औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. उरलेल्या गोळ्यांपैकी कुठली कुटून चालेल हे एकेक करून विचारून घ्या. ज्यांच्या नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असं लिहिलेलं असतं त्या औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या असतात, त्या कुटल्या की दिवसभराचं औषध एका वेळी अंगात जातं.

घास भरवताना

भरवण्याआधी पाच मिनिटं त्यांना पूर्ण जागं होऊ द्या. झोपेत असलेल्या माणसाला एक चमचा पाणीसुद्धा देऊ नये. पाठ सरळ, कंबर मागे टेकलेली, मान किंचित पुढे, हनुवटी छातीकडे झुकलेली. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट उघडी पडते, म्हणून भरवणाऱ्याने उभं राहून वरून चमचा आणू नये. समोर स्टुलावर बसा, डोळे त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला येऊ द्या आणि चमचा खालून वर न्या. टीव्ही बंद.

चमचा छोटा, चहाचा, अर्धाच भरलेला. तो जिभेच्या मध्यावर ठेवून हलकेच खाली दाबा, ओठ मिटले की सरळ बाहेर काढा. आता थांबा. गळ्याच्या मध्यावरचं हाड वर जाऊन खाली येताना दिसलं म्हणजे घास गिळला गेला. तो दिसेपर्यंत दुसरा चमचा नाही. घास तोंडातच राहिला तर रिकामा चमचा ओठांना लावा, त्याने गिळण्याची आठवण होते. गालात घास साठलाय का हे दर चार-पाच घासांनी बघा. जेवण अर्ध्या तासात, फार तर चाळीस मिनिटांत संपवा. त्यापुढे ते थकतात आणि थकलेल्या माणसाला ठसका लवकर लागतो. तीन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. भरवून झाल्यावर अर्धा तास बसतं ठेवा.

काय द्यायचं? मऊ आणि एकजीव. मुगाचं वरण घालून घोटलेला मऊ भात, नाचणीचं सत्त्व, लाल भोपळ्याचं किंवा दुधीचं घोटलेलं सूप, पिकलेली पपई कुस्करून, घट्ट दही, कस्टर्ड. वर एक चमचा तूप घाला, म्हणजे थोड्या खाण्यातही ताकद जाते. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला दुधात पोळी कुस्करून देण्याची पद्धत आहे, ती या टप्प्यात बंद करावी. दूध पातळ, ते आधी घशात उतरतं, आणि पोळीचा लगदा मागे राहतो. गोंधळलेल्या घशाला दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. पातळ आमटीत तरंगणारी भाताची शितं, सूपमधले भाजीचे तुकडे, रसाळ संत्र्याची फोड यांचंही तेच. साबुदाणा, पेढा, चिक्की, शेंगदाण्याचं कूट, पोहे वर्ज्य. साबुदाणा मऊ दिसतो म्हणून दिला जातो, पण तो टाळूला चिकटून बसतो.

साधं पाणी हे गिळायला सगळ्यात अवघड. पाण्याने ठसका लागत असेल तर ते घट्ट करून द्या. केमिस्टकडे थिकनरची पावडर मिळते, डब्यावर दिलेल्या मापाने ढवळून दोन-तीन मिनिटं ठेवा. नसेल तर भाताची गाळलेली पेज किंवा शिजवलेली पातळ नाचणी चालते. चमचा तिरका केला की द्रव धारेने न पडता थेंबाथेंबाने, आळसावल्यासारखा पडला पाहिजे. मात्र घट्ट पाणी अनेकांना आवडत नाही आणि मग पोटात पाणीच कमी जातं. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून, तोंड स्वच्छ करून, बसवून, साध्या पाण्याचे दोन-तीन छोटे चमचे देण्याचा मार्गही असतो.

सिरिंजने तोंडात ढकलू नका. बोंडल्याने ओतू नका. नाक दाबून तोंड उघडायला लावू नका. तोंड घट्ट मिटलं, मान फिरवली, घास बाहेर ढकलला, की जेवण संपलं असं समजा आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारा. गिळल्यावर खोकला, डोळ्यांत पाणी, आवाज ओला-घोगरा होणं, श्वास जलद होणं, ही अन्न श्वासनलिकेत गेल्याची लक्षणं आहेत. कधी कधी खोकला अजिबात येत नाही आणि दुसऱ्या दिवशी ताप येतो.

नाकातल्या नळीचा प्रश्न

कधीतरी हॉस्पिटलातून घरी सोडताना सांगतील, "गिळत नाहीत, राईल्स ट्यूब टाकून देतो." घरच्यांना वाटतं, नाही म्हटलं तर आपण उपाशी ठेवल्यासारखं होईल. इथे स्पष्ट बोललं पाहिजे. डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. न्यूमोनियाही टळत नाही, कारण लाळ आणि पोटातून वर येणारं अन्न श्वासनलिकेत जातच राहतं. बरेच पेशंट नळी ओढून काढतात, मग त्यांचे हात पलंगाला बांधले जातात. बांधलेला माणूस हलत नाही, त्याला बेडसोर, म्हणजे एकाच जागी भार पडून जखमा, होतात. आमच्या मते या टप्प्यात हाताने, जमेल तेवढं, प्रेमाने भरवणं हाच योग्य मार्ग आहे, आणि जागतिक पातळीवरच्या वृद्धरोग तज्ज्ञांच्या संघटनाही तेच सांगतात.

याला अपवाद आहे. पक्षाघात किंवा जोराचा संसर्ग होऊन गिळणं अचानक बंद झालं असेल आणि ते परत येण्याची शक्यता असेल, तर थोड्या दिवसांसाठी नळी घालता येते. तेव्हा डॉक्टरांना विचारा: ही किती दिवसांसाठी, कशावरून ठरवायचं की उपयोग झाला, आणि नाही झाला तर कधी काढायची? उत्तरं फाइलवर लिहून घ्या. नळी आधीच असेल तर अपराधी वाटून घेऊ नका. डोक्याची बाजू 45 अंश वर ठेवून, एका वेळी 200 ते 250 मिलिलिटर, वीस-तीस मिनिटांत सावकाश द्या, आधी-नंतर 30 मिलिलिटर कोमट पाण्याने नळी धुवा आणि अर्धा तास आडवं करू नका. नाकाशी नळीवर पेनाने खूण करा; खूण सरकलेली दिसली तर काहीही न देता नर्सला बोलवा.

पलंग, गादी आणि कूस

हाताने फिरवून डोकं आणि गुडघे वर-खाली करता येणारी फाउलर कॉट भाड्याने मिळते. विकत घेण्याची घाई करू नका. डोक्याची बाजू वर करण्याआधी नेहमी गुडघ्यांची बाजू थोडी उचला. नाहीतर माणूस पायथ्याकडे घसरतो, कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड खाली सरकतं. माकडहाडाजवळची जखम बरेचदा याच घसरण्याने होते. जेवणाची वेळ सोडून डोकं 30 अंशांपेक्षा जास्त वर नको.

एअर बेडच्या पंपावरचं बटण वजनाप्रमाणे लावा. बरोबर भरलाय का हे बघायला त्यांच्या कमरेखाली, एअर बेड आणि मूळ गादी यांच्या मधे तळहात सरकवा. कमरेचं हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. एअर बेडवर एकच पातळ सुती चादर. वर गोधडी, त्यावर मेणकापड, त्यावर आणखी चादर असं केलं की एअर बेडचा सगळा उपयोग गेला. वीज गेली की पंप थांबतो आणि बेड हळूहळू बसतो, म्हणून पंपाची पिन इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवा. इन्व्हर्टर नसेल तर वीज येईपर्यंत तासाभराने कूस बदला.

एअर बेड आहे म्हणून कूस बदलणं सुटत नाही. दिवसा दर दोन तासांनी. रात्री एअर बेड असेल आणि सकाळी कातडी लाल दिसत नसेल तर तीन-चार तासांनी चालतं, घरच्यांनाही झोप हवी. ओढू नका, घासू नका. जुनी सुती साडी चौपदरी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत खाली घाला, म्हणजे दोघांना मिळून वळवता येतं:

1. आधी सांगा: "आई, आता तुला या कुशीवर घेते हं." समजत नाही असं वाटलं तरी सांगा, न सांगता हात लागला की अंग ताठ होतं.
2. ज्या कुशीवर वळवायचं त्याच्या उलट बाजूला आधी सरकवा, म्हणजे वळल्यावर त्या पलंगाच्या मध्यावर येतील.
3. वरचा गुडघा थोडा वाकवा. दोघांनी साडी मुठीत गोळा करून, "एक, दोन, तीन" म्हणून एकदम उचला. उचलून सरकवा, फरफटवू नका.
4. पूर्ण काटकोनात वळवू नका. पाठीमागे उशी खोचून 30 अंशांवर थांबवा, म्हणजे कमरेच्या हाडावर सगळा भार येत नाही.
5. दोन गुडघ्यांमधे एक उशी, पोटरीखाली एक उशी. टाच हवेत तरंगली पाहिजे. टाच आणि गादी यांच्यामधून कागद सरकला पाहिजे.
6. खालचा कान दुमडला नाही ना, खालचा हात अंगाखाली अडकला नाही ना, ते बघा.

वळवताना माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, डोक्याची मागची बाजू आणि कान रोज उजेडात बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. बोट उचलल्यावर जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक. लालच राहिली तर ती बेडसोरची सुरुवात आहे, सावळ्या कातडीवर ती लाल न दिसता काळपट-जांभळी, गरम किंवा टणक लागते. त्या जागेवर भार पूर्ण बंद करा. तिथे चोळू नका, तेल लावून मालिश करू नका, खाली भोकाची रबरी रिंग ठेवू नका; रिंगच्या कडेने रक्त अडतं आणि जखम वाढते. कातडी फाटली असेल तर सलाइनने धुवून डॉक्टरांना दाखवा. हळद, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काही लावू नका. काळी खपली, वास, पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी.

डायपर दर कूस बदलण्याच्या वेळी बघा. शौच झाली असेल तर लगेच बदला. पुढून मागे पुसा, कोमट पाण्याने, साबण जेमतेम. टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्या. टाल्कम पावडर नको, घामात तिच्या गुठळ्या होऊन त्याच कातडीला घासतात. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत काहीच वाळत नाही, मांडीच्या सांध्यात आणि स्तनांखाली बुरशी धरते. त्या घड्यांमधे सुती कापडाची पट्टी ठेवा आणि दिवसातून दोनदा बदला. चादरी-साड्यांचे जास्तीचे जोड पावसाळ्याआधीच काढून ठेवा. डायपर कागदात गुंडाळून सुक्या-ओल्या कचऱ्यापासून वेगळे द्या. सोसायटीच्या सफाई कामगाराला कल्पना देऊन ठेवा.

हाताच्या मुठी आवळल्या जातात. रोज आंघोळ घालताना कोमट पाण्यात हात धरून, अंगठ्यापासून एकेक बोट सावकाश उलगडा, तळवा पुसा, नखं कापा आणि मुठीत सुती कापडाची गुंडाळी ठेवा. जोर लावून सरळ करू नका.

पोट आणि तोंड

अचानक अस्वस्थपणा वाढला, कण्हणं सुरू झालं, तर आधी पोट बघा. तीन दिवसांत शौच झाली नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं लॅक्ट्युलोजसारखं औषध सुरू करा. इसबगोल देऊ नका: त्याला भरपूर पाणी लागतं, ते या माणसांच्या पोटात जात नाही, आणि मग तोच गोळा घशात किंवा आतड्यात अडकतो. बऱ्याच दिवसांनी पातळ शौच गळत असेल तर जुलाब समजून थांबवणारी गोळी देऊ नका. आत खडा अडकला असण्याची शक्यता असते आणि पातळ भाग कडेने बाहेर येतो. ओटीपोट फुगलंय आणि डायपर कोरडा आहे, म्हणजे लघवी तुंबली असेल. हे थांबण्याचं काम नाही, लगेच नर्स किंवा डॉक्टर.

कवळी काढून ठेवा. दिवसातून दोनदा लहान मुलांच्या मऊ ब्रशने किंवा बोटाला गॉज गुंडाळून हिरड्या, जीभ, गाल पुसा. अस्वच्छ तोंडातली लाळ छातीत गेली की न्यूमोनियाचा धोका वाढतो. चावतील म्हणून बोट दातांच्या मधे न घालता गालाच्या बाजूने आत न्या. जिभेवर पांढरा थर पुसूनही जात नसेल तर ती बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा, तिला औषध आहे.

दुखणं ओळखणं

दुखतंय हे ते सांगू शकत नाहीत. नर्स वापरतात ती सोपी पद्धत घरीही जमते. पाच गोष्टी बघा: श्वास, आवाज, चेहरा, अंगाची ठेवण, आणि समजावल्यावर शांत होतात का. प्रत्येकाला 0, 1 किंवा 2 गुण द्या. कपाळावर आठ्या, ओठ घट्ट आवळलेले, मूठ वळलेली, धाप, सतत कण्हणं, असं दिसलं की गुण चढतात. एकदा शांत असताना आणि एकदा कूस बदलताना मोजा आणि वहीत लिहा. कूस बदलताना आकडा वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवा. बरेचदा नेमून दिलेलं पॅरासिटामॉल वळवण्याच्या अर्धा तास आधी दिलं की तीच आई कुरकुर न करता वळते. डोस वजनाप्रमाणे डॉक्टरांनीच ठरवायचा. जास्त दुखणं किंवा धाप असेल तर मॉर्फिन लागतं. ते प्रत्येक केमिस्टकडे मिळत नाही, मान्यताप्राप्त संस्थेतून घ्यावं लागतं, म्हणून गरज पडण्याआधी पॅलिएटिव्ह डॉक्टरांशी बोलून ठेवा.

मदतीला ठेवलेलं माणूस

घरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून येणाऱ्या मावशी बारा तासांच्या असतात किंवा चोवीस तासांच्या. चोवीस तासांची एकच व्यक्ती रात्री जागू शकत नाही, त्यामुळे रात्रीची कूस तुमच्याकडेच येते, हे ठरवतानाच लक्षात घ्या. पहिल्या दिवशी तुम्ही समोर बसून भरवून दाखवा, नंतर त्यांच्याकडून करून घ्या. भिंतीवर एक तक्ता लावा: वेळ, कूस डावी की उजवी, डायपर, किती खाल्लं, शौच. बरेचदा मावशी हिंदी बोलणाऱ्या असतात, आणि शेवटच्या टप्प्यात पेशंटची नंतर शिकलेली भाषा आधी जाते. मालवणी, आगरी, वऱ्हाडी, जी लहानपणची असेल तिच्यातली दहा वाक्यं मावशींना शिकवा: "तोंड उघडा", "वळवते हं", "झालं, झालं". स्वर ओळखीचा वाटला की हात झटकणं कमी होतं.

स्वतःकडेही बघा. एकाच सुनेवर, एकाच मुलीवर सगळं पडू देऊ नका. परदेशातल्या भावाने पैसे देणं ही मदत आहे, पण वर्षातून पंधरा दिवस येऊन रात्रपाळी करणं ही वेगळी मदत आहे, ती मागा. माणूस समोर असताना दुःख होतं, रडू येतं, "सुटावेत" असंही मनात येतं. ते येणं म्हणजे प्रेम कमी होणं नव्हे. बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांसाठीच्या मदतीची हेल्पलाइन 14567 आहे.

ताप आला तर

एक पान लिहून फाइलच्या सगळ्यात वर ठेवा: कुठल्या गोष्टीसाठी हॉस्पिटलात न्यायचं आणि कुठल्यासाठी नाही. हाड मोडणं, न थांबणारी फिट, न थांबणारा रक्तस्राव, घरी आटोक्यात न येणारं दुखणं किंवा धाप यांसाठी हॉस्पिटल हवंच. पहिला-दुसरा न्यूमोनिया घरी तोंडाने अँटिबायोटिक देऊन बघायचा का, आयसीयू आणि व्हेंटिलेटर हवा का, हे डॉक्टरांसमोर सगळ्या भावंडांनी ठरवावं. जे दूर आहेत त्यांनाही फोनवर घ्या. नाहीतर ऐन वेळी अमेरिकेहून आलेल्या एका फोनवर सगळं फिरतं.

न्यायचंच ठरलं तर 108 ला फोन करण्याआधी लिफ्ट आठवा. ठाण्यातल्या जुन्या इमारतींच्या चार माणसांच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. नौपाड्यात कित्येक ठिकाणी लिफ्टच नाही. ॲम्ब्युलन्सवाल्यांना मजला आणि लिफ्टचा आकार फोनवरच सांगा, म्हणजे ते खुर्ची किंवा हँडलची चादर घेऊन येतात. गेटवरच्या वॉचमनला आधी कळवा.

कायद्याचंही थोडं. शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या लिव्हिंग विलला सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. पण ते माणूस शुद्धीत, समजत असताना करायचं असतं, या टप्प्यात आता होत नाही. घरातल्या ज्यांचं निदान नुकतंच झालंय त्यांच्यासाठी मात्र वेळ दवडू नका. मुखत्यारपत्राचंही तसंच: माणसाची समज गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्याने चालत नाही, मोठ्या व्यवहारासाठी हायकोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो. बँकेतून पैसे काढण्यापुरतं, दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेण्याची सोय आहे, त्यांतला एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. शाखेत जाऊन घरी यायला सांगा. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमनही घरी येतात.

शेवटचे दिवस

खाणं-पिणं जवळजवळ थांबतं, बहुतेक वेळ झोप, लघवी कमी आणि गडद, हातपाय गार, पायांवर निळसर जाळी, श्वासात मधेच मोठा खंड. हे दिसलं की दिवसांची किंवा तासांची गोष्ट उरलेली असते. नातेवाईक म्हणतील, "निदान सलाइन तरी लावा." शरीर थांबत असताना दिलेलं पाणी फुप्फुसांत आणि पायांत साचतं, घरघर वाढते. यावेळी भूक-तहान फारशी जाणवत नाही, तोंड कोरडं पडतं एवढंच. तासा-दोन तासांनी ओला बोळा ओठांवर आणि जिभेवर फिरवा, ओठांना तूप किंवा व्हॅसलिन लावा. तुळशीपत्र आणि गंगाजल द्यायचं असेल तर ओठांवर एक थेंब टेकवा, चमच्याने घशात ओतू नका.

घशात घरघर लागली तर कुशीवर करा, डोकं थोडं वर. सक्शन मशीन लावू नका, त्याने त्रासच होतो. ती घरघर ऐकणाऱ्याला फार लागते, पण त्या अवस्थेत त्यांना ती जाणवत नसावी असं डॉक्टर मानतात. धाप दिसली तर डॉक्टरांना फोन. खोलीत गर्दी नको, पंखा मंद, हात धरून बसा आणि बोला. ऐकण्याची क्षमता बराच वेळ टिकते असं मानायला आधार आहे.

श्वास थांबल्यावर घाई करण्यासारखं काही नसतं. वेळ लिहून ठेवा. तुमच्या डॉक्टरांना फोन करा. ते येऊन तपासतात आणि घरी झालेल्या मृत्यूसाठीचा, कारण लिहिलेला नमुना 4अ भरून देतात. महिनोन्‌महिने बघणारे डॉक्टर नसले की अनोळखी डॉक्टर सही करायला कचरतात आणि प्रकरण पोलिसांकडे जाऊ शकतं. दाखला आणि मृताचं आधार कार्ड स्मशानभूमीत लागतं, मग ती ठाण्याची जवाहरबाग असो किंवा नवी मुंबईतली तुमच्या नोडची; कुठल्या पदवीच्या डॉक्टरांची सही चालते हे आधीच चौकशी करून ठेवा. महापालिकेकडे नोंदणी 21 दिवसांच्या आत करायची. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती एकदमच जास्त काढून घ्या, बँक, पेन्शन, विमा, सोसायटी, गॅस सगळीकडे लागतात. उरलेलं मॉर्फिन कचऱ्यात न टाकता दिलेल्या डॉक्टरांकडे परत द्या. भाड्याची कॉट आणि एअर बेड दुकानदाराला कळवून परत न्यायला सांगा. न उघडलेले डायपर दुसऱ्या कुणाच्या घरी लगेच उपयोगी पडतात, तुमच्या डॉक्टरांना किंवा ब्युरोच्या मावशींना विचारा.